दुसरीच्या मांडीवरचा नारळ

माझा नारळ त्या बाईच्या मांडीवर होता.

सोनेरी कागदात गुंडाळलेला, शेंडीपाशी मी स्वतः हळदकुंकू लावलेला. नारळी पौर्णिमेची संध्याकाळ, समुद्रावर ही गर्दी, आणि नव्या वाटेवरून चाकांच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी चाललेल्या. एकीत आमचे हे. दुसरीत खातूबाई. आणि नारळ तिच्या मांडीवर, ओटी भरल्यासारखा. मी रस्त्याकडून आडवी आले म्हणून मला दिसला तरी. नेहमीसारखी मागून आले असते तर तेही कळलं नसतं.

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार. मुळापासून सांगते.

आमचे हे, जनार्दन मयेकर, एस.टी.त ड्रायव्हर होते. माझं माहेर कोंडवाडीचं. तिथल्या फाट्यावर मी शिवणाच्या क्लासहून घरी यायला संध्याकाळच्या गाडीची वाट बघत उभी राहायची, आणि ती गाडी आणायचे हे. वळणावर गाडी दिसली की त्या एवढ्या मोठ्या काचेमागे ह्यांचं तोंड दिसायचं. लांबूनच हसायचे. आणि ब्रेक असा मारायचे की दार बरोबर माझ्या पावलांपुढे येऊन थांबायचं. बाकीची माणसं पुढे-मागे धावत, मला एक पाऊल हलावं लागत नसे. लग्न ठरायच्या आधीच अख्ख्या गाडीला कळलेलं होतं. लग्नानंतर मी संध्याकाळी पायरीवर बसायची आणि हे गल्लीतून चालत यायचे. ह्यांना येताना बघायची मला सवयच होती.

पुढे एका मे महिन्यात हे कलमाच्या झाडावरून पडले. आंबे उतरवायला माणूस मिळाला नाही म्हणून स्वतः चढले होते. नको म्हटलं होतं, पण ड्रायव्हर माणूस, ऐकतोय कुणाचं. कमरेखालचं सगळं गेलं. खुर्ची आली. आणि मी खुर्चीच्या मागे गेले ती आठ-नऊ वर्षं मागेच राहिले.

इस्पितळातल्या माणसाने मला खुर्ची ढकलायला शिकवलं होतं. तो म्हणाला, "बाई, चढावर सरळ ढकला. उतारावर मात्र खुर्ची उलटी फिरवायची. तुम्ही खाली, पेशंट वर. नाहीतर तोंडावर जाईल." ते मी गाठीला बांधून ठेवलं. आमच्या गल्लीतून समुद्राकडे जायचं म्हणजे सगळा उतारच. तेव्हा ह्यांना मी समुद्रावर न्यायची ती पाठमोरं. ह्यांना दिसायची आमची गल्ली, पारूकाकीचं तुळशीवृंदावन, आणि लांब लांब जाणारी घरं. समुद्र आला की मग मी खुर्ची वळवायची.

मागून ढकलायचं म्हणजे काय, ते ढकलणाऱ्यालाच ठाऊक. मला दिसायचं ह्यांचं टक्कल आणि कानाचं पाळं. मी बोलले की वाऱ्याने मागे जायचं. हे बोलले की पुढे जायचं. मी म्हणायची, "काय?" हे म्हणायचे, "काही नाही." एवढ्यावर आमचा संसार चालला होता. पण चालला होता. ह्यांना न्यायची मी, आणायची मी. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता, आणि नको होता मला.

नारळी पौर्णिमेचा तर माझा मान होता. घरचा नारळ घरच्या पुरुषाने दर्याला द्यायचा अशी आमची रीत. पण खुर्ची वाळूत शिरली की चाकं रुतायची, ती चार माणसं लागायची काढायला. म्हणून हे वर कठड्याशी बसायचे आणि मी पदर खोचून गुडघाभर पाण्यात जायची. आधी ह्यांचं नाव घ्यायची, मग माझं, मग नारळ सोडायची. गल्लीतल्या बाया बाजूला व्हायच्या, "शेवंतावहिनी, आधी तुम्ही" म्हणायच्या. सगळ्या बायांत पुरुषाचा नारळ देणारी मी एकटी. ते मला आवडायचं. का नाही आवडणार?

मग ती वाट झाली.

आमच्या शहराच्या किनाऱ्यावर चार बागा आहेत, एकीकडून दुसरीकडे जायचं तर वाळू नाहीतर रस्ता. त्या सगळ्या एका सलग वाटेने जोडल्या. गुळगुळीत, रुंद, कुठे पायरी म्हणून नाही. कडेला धरायला कठडा, आंधळ्या माणसाच्या पायाला कळावी म्हणून पिवळ्या फरशीची पट्टी, आणि चढउतार इतके हलके की कळूही नयेत. शेवटच्या जेटीच्या बागेतून तर लाकडी फळ्यांचा उतार थेट पाण्यापर्यंत नेलेला. जेटीपाशी पाणी ओहोटीलासुद्धा जवळच असतं. पहिल्या दिवशी मीच ह्यांना घेऊन गेले. माझी पाठ दुखायची राहिली, मी मनात म्हटलं, देव पावला.

पावला तो खातूबाईला.

अनुराधा खातू. कन्याशाळेत भूगोल शिकवायची. लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून खुर्चीत. लग्न नाही. चाळिशीची असेल, केस कापलेले, अंगात पंजाबी ड्रेस, हातात अर्ध्या बोटांचे हातमोजे. सुरुबनापाशी आमच्या शेजारी येऊन थांबली आणि ओळख ना पाळख, ह्यांना म्हणाली, "हात मांडीवर कशाला ठेवलेत? चाकांवर ठेवा."

हे हसले. "बायको आहे ना ढकलायला."

"त्यांना चालू दे की आरामात. तुमचे दंड बघा केवढे. काय करायचात?"

"एस.टी. चालवायचो."

"मग झालं तर. स्टिअरिंग फिरवलेला माणूस तुम्ही. नाव काय?"

"मयेकर."

"मयेकर, फिरवा चाकं."

नुसतं मयेकर. काका नाही, भाऊ नाही, साहेब नाही. मी ह्यांचं नाव उखाण्यात नाहीतर दर्यापुढे काय ते घ्यायची, आणि ही पहिल्याच भेटीत मयेकर म्हणून मोकळी.

त्या दिवशी हे पाच-सहा हात गेले आणि दमले. दुसऱ्या दिवशी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. मग रोज संध्याकाळी खातूबाई सुरुबनापाशी हजर. ती आणि हे शेजारी शेजारी, आणि मी मागे, हातात पाण्याची बाटली आणि ह्यांची शाल. दोघांची डोकी एका उंचीवर. बोलायचं झालं की नुसती मान वळवायची, की तोंडासमोर तोंड. वारा कुठूनही येऊ दे, त्यांचं एकमेकांना सगळं ऐकू जायचं. हे तिला घाटातल्या गोष्टी सांगायचे. गाडी बंद पडली तेव्हा वऱ्हाडाने रात्र कशी काढली ती गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. पण ती ऐकताना ह्यांचे डोळे कसे होतात ते मी विसरले होते, आणि आता ते ती बघत होती. 

मी पुढे होऊन म्हणायची, "काय एवढं हसताय?"

हे म्हणायचे, "काही नाही गो."

मला काही नाही. तिला सगळं.

मग हे रोज दाढी करायला लागले. मग निळा शर्ट काढला, जो मी भाच्याच्या लग्नासाठी जपून ठेवला होता. मग एक दिवस हातात तसले अर्ध्या बोटांचे हातमोजे.

"हे कुणी दिले?"

"खातूबाईने. तळव्यांना फोड येतात ना."

"फोडांना मी तेल लावते ते कमी पडलं वाटतं."

"तेलाने चाक निसटतं, शेवंते."

पारूकाकी आमच्या समोर राहायची, सत्तरीची, जिभेला हाड नाही. तिने दारातून बघितलं आणि मला म्हणाली, "बरं झालं गो तुला. सुटलीस ढकलण्यातनं."

"तुमच्या काकांना अशी कुणी बाई रोज फिरायला घेऊन गेली असती म्हणजे कळलं असतं."

"घेऊन गेली असती तर मी पेढे वाटले असते," पारूकाकी म्हणाली.

तिचं ठीक होतं. तिच्या काकांनी जन्मात तिच्याकडे बघून कधी ब्रेक मारला नव्हता.

एक दिवस मी ह्यांना वाटेवर सोडून बाजारात गेले आणि लवकर परत आले. हे दोघं जेटीच्या बागेत, त्या फळ्यांच्या उताराच्या टोकाशी. खातूबाई ह्यांना हाताने काहीतरी दाखवत होती, अंग मागे रेलून, मुठी चाकांवर आवळून. मला बघितलं आणि दोघं एकदम गप्प झाली. हे म्हणाले, "आलीस?" म्हणजे यायला नको होतं. मी शाल ह्यांच्या मांडीवर टाकली आणि त्या रात्री जेवले नाही. ह्यांनी विचारलं, का जेवत नाहीस. मी म्हटलं, "काही नाही." बघू दे म्हटलं ह्यांनाही कसं वाटतं ते.

आणि मग नारळी पौर्णिमा उजाडली. सकाळी मी नारळ पुसला, कागद लावला, देवापुढे ठेवला. हे चहा पिता पिता म्हणाले, "संध्याकाळी तू पुढे हो. जेटीच्या बागेत. मी येतो मागून."

"मागून? आणि ढकलणार कोण?"

"कोणी नाही."

"ती असणार."

"असेल की. वाट काय आपल्या बापाची आहे?"

"इतकी वर्षं मी नेलं तुम्हाला. पावसात नेलं, तापात नेलं. आज सणाच्या दिवशी मी पुढे होऊ? लोकांनी काय बघायचं, मयेकरणीला टाकली म्हणून?"

"शेवंते, ऐकून तर घे."

"मला काही ऐकायचं नाही. तिच्याबरोबर जायचं ना, मग नारळही तिच्याच हातून द्या."

बोलून गेले. हे कप खाली ठेवून म्हणाले, "बरं."

बरं म्हणाले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

दुपारभर मी पारूकाकीकडे नारळीभाताचं खोबरं खवत बसले. माझं झालं, तिचं झालं, शेजारणीचंही खवून दिलं. हाताला कामं असली की डोकं जरा ठिकाणावर राहतं. घरी आले तर दाराला कडी, खुर्ची नाही, आणि देवापुढचा नारळ नाही. पाच वाजून गेले होते. उंबऱ्यावर टाकायची फळी ह्यांनी स्वतःच टाकलेली, वाकडी पडली होती. गल्लीच्या उतारावर कुणा पोराला हाक मारली असणार, म्हटलं.

मी तशीच निघाले. साडी बदलली नाही. मागच्या रस्त्याने आडवी गेले आणि सुरुबनाच्या पुढे त्यांना गाठलं. आणि मघाशी सांगितलं ते बघितलं.

दुसऱ्या बाईच्या मांडीवर आपल्या घरचा नारळ बघणं म्हणजे काय, ते तुम्ही बायका असाल तर सांगायला नको. गर्दीतल्या चार ओळखीच्यांनी मला बघितलं आणि वाट दिली. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नारळ द्या."

"घ्या ना, वहिनी," खातूबाई म्हणाली. "मयेकरांच्या मांडीवरून दोनदा घरंगळला. म्हणून मी घेतला."

"मी इतकी वर्षं ह्यांच्याच मांडीवर ठेवतेय. कधी घरंगळला नाही."

"तेव्हा ते दोन्ही हातांनी धरून बसत होते. आता त्यांचे हात रिकामे नसतात."

खरंच होतं ते. म्हणूनच जास्त राग आला. मी तिच्या मांडीवरून नारळ उचलला. तिच्या पांढऱ्या ड्रेसला माझं कुंकू लागलं होतं, बरोबर ओटीच्या जागी. तिने बघितलं, पण झटकलं नाही.

हे चाकं फिरवत पुढे निघाले. मी ह्यांच्या उजवीकडून, ती डावीकडून.  जेटीची बाग आली, फळ्यांचा उतार आला. खाली पाण्याशी माणसं नारळ सोडत होती. मी सवयीने नारळ काखेला मारला, खुर्चीच्या मुठी धरल्या आणि खुर्ची उलटी वळवायला घेतली.

"सोड," हे म्हणाले.

"उतार आहे."

"दिसतोय मला उतार. म्हणून सांगतो, सोड."

"पडाल तोंडावर."

"पडेन. तू खाली जा. पाण्याजवळ उभी राहा."

"आणि तुम्ही? तिच्याबरोबर येणार?"

"एकटा येणार. जा तू."

मी खातूबाईकडे बघितलं. ती आमच्याकडे बघतच नव्हती, समुद्राकडे बघत होती, पण कान सगळे इकडे. मला वाटलं, झालं. एवढी वर्षं हातात धरलेल्या मुठी आज सगळ्या गावासमोर सोडायच्या. तिच्यासमोर सोडायच्या. सोडल्या. काय करणार होते? फळ्यांवरून खाली गेले. बायांनी बाजूला होऊन जागा दिली, कुणीतरी म्हणालीही, "शेवंतावहिनी, आधी तुम्ही." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्याच्या कडेशी, शेवटच्या फळीच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि मागे वळले.

पाऊस दुपारीच थांबला होता आणि पश्चिमेला ढग फाटून ऊन आलं होतं. ते सगळं ऊन ह्यांच्या तोंडावर. अंग मागे रेललेलं, हातमोज्यांतल्या मुठी चाकांवर आवळलेल्या. खुर्ची सुटली. पहिल्यांदा जराशी हेलकावली, पण हे डगमगले नाहीत. चाक जरा सोडत, जरा धरत, घाटात गाडी उतरवावी तसे ह्यांनी ती खुर्ची उतरवली. आणि माझ्याकडे बघत होते. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे. अर्ध्या उतारावर आले आणि हसले. लांबूनच.

कोंडवाडीच्या फाट्यानंतर, आमच्या पायरीनंतर, पहिल्यांदाच मी ह्यांना येताना बघत होते. आठ-नऊ वर्षं ह्या माणसाला रोज न्हाऊ घातलं, जेवू घातलं, निजवलं, आणि येताना मात्र कधी बघितलं नव्हतं. येणार कुठून? मी आणल्याशिवाय हे कुठे यायचेच नाहीत.

खुर्ची आली आणि बरोबर माझ्या पावलांपुढे थांबली. वीतभर अंतर. मला एक पाऊल हलावं लागलं नाही.

"कोंडवाडी फाटा," हे म्हणाले. धाप लागलेली.

 मी म्हटलं, "डाव्या गालावर दाढी राहिलीय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मला कुठून दिसणार?"

"तेच," हे म्हणाले. "मलाही दिसत नव्हतीस तू. नुसता आवाज यायचा मागून. सकाळी तेच सांगत होतो, तू ऐकलं नाहीस. खातूबाईला मी विचारलं होतं, उतारावरून सरळ यायचं तर कसं. ती म्हणाली, महिना जाईल शिकायला, आणि घरी सांगू नका, वहिनी जाऊ द्यायच्या नाहीत उतारावर."

"बरोबर सांगितलं तिने," मी म्हटलं. "नसतंच जाऊ दिलं."

मी नारळ ह्यांच्या हातात दिला. लाट चाकांपर्यंत आली तेव्हा हे वाकले, मी ह्यांचा खांदा धरला, समोरून. दरवर्षी मी आधी ह्यांचं नाव घ्यायची. ह्यांनी आधी माझं घेतलं. मोठ्याने, शेवंता म्हणून, चार बायांना ऐकू जाईल असं. नारळ लाटेबरोबर जरा आत गेला, जरा मागे आला, मग गेला.

खातूबाई वरच थांबली होती. ह्यांनी हात हलवला, तिने हलवला. तिला खाली बोलवावं असं हे माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही. एवढं मोठं मन माझं नाही. रात्री नारळीभाताचा डबा मात्र भरून दिला तिला. काजू आमच्याच भातात घातले.

त्यानंतर हे पुष्कळ वर्षं होते. मी ढकलणं सोडलं, ह्यांच्या पुढे चालायला लागले, आणि बाकावर बसून ह्यांना येताना बघायला लागले. ह्यांच्याबरोबर बऱ्याचदा ती असायची. चालायचंच.

आता हे नाहीत. ते गेले त्या वर्षी मी नारळी पौर्णिमेला जाणारच नव्हते. तिचा फोन आला. "वहिनी, तुम्ही पुढे व्हा. मी येते मागून." तेच शब्द. माझ्या एका हातात आता काठी असते, नारळ धरून उतरायला होत नाही. तेव्हापासून दरवर्षी नारळ तिच्या मांडीवर येतो. मी आधी खाली जाते, शेवटच्या फळीपुढे उभी राहते आणि वळून बघते. पश्चिमेचं ऊन तोंडावर घेऊन ती उतरते. केस पांढरे झालेत तिचे. येताना मला बघून हसते, आणि मला अजून राग येतो, खोटं कशाला बोलू.

येते आणि खुर्ची बरोबर माझ्या पावलांपुढे थांबवते. मला एक पाऊल हलावं लागत नाही.

खुर्ची चालवायला ह्यांना तिने शिकवलं. असं थांबायला तिला कुणी शिकवलं, ते मला ठाऊक आहे. कधी शिकवलं, ते मी अजून विचारलेलं नाही. हात पुढे करते आणि म्हणते, "नारळ द्या."